वाकड्या मानेचा ससा

सशाची मान एका रात्रीत वाकडी होते. संध्याकाळी कोथिंबिरीच्या काडीमागे घरभर धावलेला प्राणी सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडलेला दिसतो. एक कान जमिनीला टेकलेला, एक डोळा छताकडे, आणि दोन्ही बुबुळं एका लयीत डावी-उजवीकडे हलत राहिलेली. उठायला जातो तेव्हा तो नुसता पडत नाही, गडगडतो. स्वतःभोवती लोळत भिंतीवर आपटतो आणि थांबला की पुन्हा उठू पाहतो. घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. कुणी म्हणतं, लकवा मारला. आणि तासाभरात कुणीतरी बोलून जातं, "हाल बघवत नाहीत. डॉक्टरांना सांगून एकदाचं सोडवू या त्याला."

बघवत नाहीत ते कुणाला, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा हा लकवा नसतोच. आतल्या कानात झालेला जंतुसंसर्ग हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे 'एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय' नावाचा परजीवी. १९२२ साली तो पहिल्यांदा सापडला तोही सशांमध्येच. एका पेशीचा हा जीव, हल्ली त्याला बुरशीच्या भावकीत धरतात. आजारी सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडतात आणि गवत-पाल्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात; आईकडून पिल्लातही उतरतात. मेंदू, मूत्रपिंडं आणि डोळे ही त्याची मुक्कामाची ठिकाणं. कितीतरी सशांच्या अंगात तो जन्मभर मुकाट राहतो, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत त्याची खूण सापडली म्हणून गुन्हेगार तोच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. माणसाला त्याचा धोका सहसा नसतो, पण घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव बदललेलं कुणी असेल तर सशाच्या लघवीची साफसफाई त्यानं करू नये.

उपचार ऐकून गावाकडचा माणूस हसेल. शेळ्यामेंढ्यांना जंतासाठी पाजतात ते फेनबेंडाझोल, रोज, सलग २८ दिवस. जोडीला दुखणं आणि चक्कर कमी करणारी औषधं. मात्र हे सारं सशाची माहिती असलेल्या डॉक्टरांच्या हातून, आणि असा डॉक्टर मिळणं हीच पहिली अडचण. गल्लीतल्या क्लिनिकला कुत्र्या-मांजरांचा सराव, सरकारी दवाखान्याला गाई-म्हशींचा. ससा दोन्हीकडे उपरा. मग लोक घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळतात. आपल्याला घसादुखीला दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन उरलेलं असतं, त्यातलं थोडं सशाला पाजतात. त्यानं सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मान वाकडी होऊनही जगला असता असा ससा पोट बिघडून जातो.

माझ्या ओळखीच्या एका घरात, डोंबिवलीला, बंड्या नावाच्या सशाला हा आजार झाला. घरातल्या मुलीनं हट्ट केला होता, वडिलांनी तिच्या वाढदिवसाला जोडी आणली होती, आणि आजारपण काढलं ते आजीनं. मला याचं नवल वाटलं नाही. आपल्याकडे प्राणी आणायचं एक जण ठरवतो, नाव दुसरा ठेवतो आणि निस्तरणं तिसऱ्याच्या वाट्याला येतं. हा तिसरा म्हणजे बहुतेक घरची बाई. या आजीनं नवऱ्याचं अर्धांगवायूचं आजारपण काढलेलं, त्यामुळे तिला फार शिकवावं लागलं नाही. जुन्या सुती साड्यांच्या वळकट्या करून तिनं बंड्याच्या दोन्ही अंगांना लावल्या, लोळताना मार बसू नये म्हणून. खालच्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही, त्यात गवताचं कुसळ जाऊन जखम होते, तेव्हा थेंबांची वेळ तिनं कधी चुकवली नाही. फडकं ओलं झालं की लगेच बदलायची, कारण लघवीत भिजलेली कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात तिथे माशी अंडी घालते. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. सशाचा कणा इतका नाजूक, की घाबरून त्यानं स्वतःच जोरात लाथ झाडली तरी मोडू शकतो.

खरी झुंज पोटाशी होती. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याची आतडी सतत चालती राहावी लागतात. दिवसभर काही गेलं नाही तर ती मंदावतात, गॅस धरतो, आणि मूळ दुखणं बाजूला राहून उपासच जिवावर उठतो. म्हणून बिनसुईच्या सिरिंजनं भिजवलेल्या पेलेटचा पातळ लगदा भरवायचा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथून, बाजूनं, थोडा थोडा, प्रत्येक घोट गिळला की नाही ते बघत. शिवाय निरोगी ससा आपल्याच मऊ लेंड्या मागे तोंड नेऊन थेट खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. मान फिरलेल्या सशाचं तोंड तिथवर पोचत नाही. आजी त्या उचलून त्याच्या तोंडाशी धरायची. नात नाक मुरडायची. "त्याचं जेवण आहे ते, तुझं नाही," आजी म्हणायची.

आणि बंड्या या सगळ्याला जीव खाऊन विरोध करायचा.

इथे कुत्र्याचं आजारपण आणि सशाचं आजारपण यांत मोठा फरक पडतो. आजारी कुत्रा औषध पाजणारा हात चाटतो. ससा मात्र हजारो पिढ्या दुसऱ्याचं भक्ष्य होत आलेला प्राणी. घार त्याला वरून धरते, कोल्हाही वरूनच धरतो, आणि सिरिंज घेतलेली आजीसुद्धा वरूनच धरते. त्याच्या लेखी दिवसातून अनेकदा त्याच्यावर झडप पडते आणि तो कसाबसा निसटतो. आपण करतो ती सेवा समोरच्याला हल्ला वाटते हे ठाऊक असून ती करत राहायची, असा हा प्रकार आहे. सेवेच्या आपल्या गोष्टींमध्ये शेवटी एक कृतज्ञ नजर असतेच, लेखकाला तिच्यावाचून राहवत नाही. इथे ती मिळण्याची आशा धरू नये. त्यामुळे ही सेवा मला अधिक निर्मळ वाटते, पण तिच्यात एक फसगतही आहे. समोरचा काहीच सांगत नाही, तेव्हा त्याच्या मनातलं म्हणून आपण आपल्याच मनातलं वाचत बसतो.

दुखणं लपवणं हा सशाचा स्वभाव आहे. रानात लंगडणारा ससा आधी टिपला जातो. म्हणून २०१२ साली काही संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. डोळे आवळणं, गाल चपटे होणं, नाकपुड्यांचा आकार, मिशांची ठेवण, कानांची ठेवण, अशा पाच खुणा. कानावर क्रमांक गोंदताना होणाऱ्या दुखण्यावरून ती तयार केलेली, तेव्हा ती सगळीकडे जशीच्या तशी लावू नये हे खरं. तरीही माझं लक्ष गेलं ते यादीत नसलेल्या गोष्टीकडे. मान कोणत्या कोनात आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. सुरुवातीची चक्कर भयंकरच असते, त्यात शंका नाही. पण उपचार मिळालेले कितीतरी ससे त्यातून सावरतात. मान थोडी तिरकी राहते आणि मेंदू त्या तिरक्या जगाशी जुळवून घेतो. तिरक्या मानेनं मेथी खाणारा, पंजांनी तोंड पुसणारा, जोडीदाराला टेकून पसरणारा ससा दुःखात आहे असं म्हणायला आपल्याकडे पुरावा काय? एवढाच, की घरी आलेल्या पाहुण्यांना तो बघवत नाही. माणसांच्या बाबतीतही आपण काही वेगळं करत नाही. वाकडं अंग, लाळ गळणारं तोंड दिसलं की "सुटला तर बरं" हे शब्द चटकन येतात, आणि म्हणणाऱ्याला त्या माणसाचा दिवस कसा जातो याची काडीची माहिती नसते.

१९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच असाध्य आजारी पडलं. त्याला कूससुद्धा बदलता येत नव्हती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, आणि मग डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचं जीवन संपवलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. अहिंसेचा पुजारी गोवत्साचा जीव घेतो म्हणजे काय! त्यांनी याबद्दल उघडपणे लिहिलं. या लेखनाचा दुसरा भाग लोक विसरतात. आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्नही त्याच वेळी समोर होता, आणि तिथे त्यांनी वेगळी रेघ ओढली: माकडं मारली तर ती हिंसाच, कारण त्यात हित आपलं. वासराच्या बाबतीत हित फक्त वासराचं होतं. हे मोजमाप मला पटतं, पण वापरायला ते फार अवघड आहे. आपलं हित नेहमी पिकासारखं शेतात उभं नसतं. रात्रीची झोप, ऑफिसची रजा, डॉक्टरचं बिल, बघायला नको वाटणं, या रूपांतही ते असतं, आणि बोलताना आपण त्याला दया म्हणतो.

पैशांचंही सांगितलं पाहिजे. काही शेकड्यांत मिळणारा ससा, उपचार हजारांत. "एवढ्यात नवे चार येतील," हे बंड्याच्या घरीही बोललं गेलं. हिशेब म्हणून त्यात चूक नाही, आणि ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते त्याला मी उपदेश करणार नाही. पण लीळाचरित्रातली गोष्ट आठवते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधर स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला आणि पारधी मागायला आले तरी स्वामींनी तो दिला नाही. तो ससा आपल्या पायांनी आश्रयाला आला होता. आपले ससे धावत येत नाहीत. आपण त्यांना बुटांच्या खोक्याला भोकं पाडून घरी आणतो. शरण आलेल्याला राखायचं असेल, तर ज्याला उचलून आणलं त्याचं देणं त्याहून हलकं कसं धरायचं?

बंड्या सावरला. मान तिरकीच राहिली, वळताना तोल जायचा, पण वर्षभराहून जास्त काळ तो मजेत होता. मग मागचे पाय गेले. आता लगदा देऊनही वजन घटत होतं, बूड सोलवटलेलं राहत होतं. आणि या वेळी घरातली बाजू उलटली. पहिल्या दिवशी "सोडवू या" म्हणणारे वडीलच म्हणू लागले, "असू दे, जगेल तेवढं जगू दे." तेव्हा त्यांना बघवत नव्हतं, आता त्यांना सोडवत नव्हतं. दोन्ही वेळा बोलत होते ते वडील, ससा नव्हे.

असं ठरवण्यासाठी अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यबाईंची २००४ सालची एक पट्टी आहे, मुळात कुत्र्या-मांजरांसाठी केलेली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. गुणांवर माझा फारसा विश्वास नाही. मायेनं तपासलेल्या पेपरात कुणी नापास होत नाही. आजीनं गुण दिले नाहीत. कॅलेंडरच्या चौकोनात ती रोज फक्त तीन गोष्टींपुढे टिंब द्यायची: आपणहून काही खाल्लं का, तोंड पुसलं का, चिंगीकडे सरकला का. चिंगी ही त्याची जोडीदारीण. टिंबं आपलं म्हणणं ऐकत नाहीत हा त्यांचा मोठा गुण. सलग काही चौकोन कोरे राहिल्यावर तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढून मुलापुढे ठेवलं आणि काही बोलली नाही.

डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो पुरता झोपल्यावर दुसरं. नंतर चिंगीला थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवायला त्यांनी सांगितलं. जोडीदाराचा देह हुंगायला मिळाला नाही तर मागे राहिलेला ससा त्याला शोधत राहतो, असं ससे पाळणारे सांगतात. चिंगी त्याच्या कानापाशी बसली, मग उठून तिनं गवत खायला घेतलं.

आता पेच चिंगीचा आहे. सशाला एकटं ठेवू नये. पण तो परजीवी तिच्याही अंगात असणार, म्हणजे नवा निरोगी ससा आणून त्याला या संकटात का लोटायचं? डॉक्टरांनी सुचवलं की आणायचाच तर कुणीतरी सोडून दिलेला, तपासणीत हीच खूण सापडलेला ससा आणा. वडील म्हणाले, "उद्या आजारी पडेल असा ससा जाणूनबुजून आणायचा?"

"आण," आजी म्हणाली. "पण या खेपेला आजारपण तू काढायचंस."