दुसऱ्याच्या लेखणीला तोच न्याय

आपल्या समाजाविरुद्ध, आपल्या सवलतींविरुद्ध लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांवर सरकारने बंदी का घालू नये, असा प्रश्न आपल्या वस्त्यावस्त्यांतून विचारला जातो. विचारणारांचा राग निष्कारण असतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याविषयी दुसऱ्यांनीच लिहिले, त्यांना छापील अक्षराचा घाव अधिक लागतो. तरीपण प्रश्नाचे उत्तर रागाने देता येत नाही. ते द्यायचे तर वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे कोणाचे स्वातंत्र्य, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या राज्यघटनेत ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ हा शब्दच नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कलम १९ मध्ये नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, तेवढेच. घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख करावा अशी सूचना मांडली होती. डिसेंबर १९४८ मधील त्या चर्चेत बाबासाहेबांनी सांगितले की, संपादक आणि व्यवस्थापक हेही नागरिकच आहेत. नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नाही, म्हणून वेगळा उल्लेख करण्याचे कारण नाही. या उत्तराचा अर्थ आपल्यासारख्यांनी नीट ध्यानात घेतला पाहिजे. लाखो प्रती काढणाऱ्या दैनिकाच्या मालकाला कायद्याने जेवढा अधिकार, तेवढाच चार पानांचे पत्रक काढणाऱ्या गिरणी कामगाराला. जास्त नाही आणि कमीही नाही.

अधिकार सारखा असला तरी बळ सारखे नसते, हे बाबासाहेबांइतके अनुभवाने कोणाला कळले असेल? ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात, पैसे देऊ केले असतानाही, ‘केसरी’ने छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाचा मसुदा वाचून त्यातील काही भाग गाळण्याची मागणी केली. बाबासाहेब काना-मात्रा बदलण्यास तयार झाले नाहीत. परिषदच रद्द झाली. या दोन्ही प्रसंगी सरकारने काहीही केले नव्हते! तोंड दाबणारे हात समाजाचे होते, आणि त्या हातांना रोखणारे कलम आजही घटनेत सापडणार नाही. खासगी मालकाने तुमचा मजकूर नाकारला तर तो त्याचा अधिकार आहे. (सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या पत्राची गोष्ट निराळी. आयुर्विमा महामंडळाने आपल्या नियतकालिकात टीकाकाराला दिलेले उत्तर छापले आणि टीकाकाराचे प्रत्युत्तर छापण्यास नकार दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ते छापण्यास भाग पाडले.) बाबासाहेबांनी काय केले? लाहोरचे भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पंधराशे प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या.

आता प्रश्नाच्या अवघड बाजूकडे येऊ.

महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा अप्रकाशित ग्रंथ होता. राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरणामुळे आमच्या भावना दुखावल्या, असे म्हणून मोठा गहजब झाला, प्रती जाळण्यात आल्या आणि शासनाने खंडाची विक्री थांबवली. १९८८ च्या आरंभी आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. आपली मागणी एकच होती: कोणाच्या भावना दुखावतात म्हणून ग्रंथ दडपता येणार नाही, पटत नसेल तर त्यांनी उत्तर लिहावे. शेवटी, या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप घालून खंड पुन्हा वाचकांच्या हाती आला. ती टीप मला आजही खटकते. शासन ज्यांची पुस्तके छापते त्या सर्वांच्या प्रत्येक मताशी ते सहमत असते काय? पण ग्रंथ वाचला, हे महत्त्वाचे.

दुसऱ्याच वर्षी, १९८९ साली, तामिळनाडूतील ‘ओरे ओरू ग्रामत्तिले’ या चित्रपटाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. एका ब्राह्मण मुलीने अनुसूचित जातीचा खोटा दाखला मिळवून मोठी सरकारी नोकरी पटकावली अशी त्याची कथा, आणि जातीच्या आधारावरील राखीव जागा नकोत असा त्याचा सूर. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. चित्रपट दाखवला तर गडबड होईल, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. निदर्शने होतील, दंगा होईल, या धमकीपुढे मान तुकवून अभिव्यक्ती दाबता येत नाही. बंदोबस्त ठेवणे हे सरकारचेच काम आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

चित्रपटाचा विचार मला अन्यायाचा वाटतो. हजारो वर्षांच्या आरक्षणावर चकार शब्द न काढता चाळीस वर्षांच्या आरक्षणावर बोट ठेवणारा विचार आहे तो. तरीसुद्धा निर्णय योग्य होता, असेच मी म्हणेन. ज्या तत्त्वाच्या आधारावर १९८८ साली आपण ‘रिडल्स’साठी उभे राहिलो, त्याच तत्त्वाने १९८९ साली आपल्या विरोधकाला संरक्षण दिले. आपल्या ग्रंथाला एक माप आणि त्याच्या चित्रपटाला दुसरे माप, ही मनुस्मृतीची रीत झाली. शिवाय व्यवहाराने पाहा. बंदीचे हत्यार सरकारच्या हाती दिले की ते बहुसंख्यांच्या दडपणाने चालते. आपण अल्पसंख्य आहोत. ते आपल्यावर आधी चालेल.

याचा अर्थ कोणीही काहीही छापावे असा मुळीच नाही. घटनेनेच सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालू दिले आहेत. त्यांतील ‘वाजवी’ हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने या पोटकलमात आला, आणि तेव्हा कायदेमंत्री बाबासाहेबच होते. त्या एका शब्दामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते. ‘भावना दुखावणे’ एवढेच कारण मात्र त्या यादीत नाही. धार्मिक भावनांच्या अपमानाचा जो गुन्हा आहे, त्यातही बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू सिद्ध व्हावा लागतो. राखीव जागा नसाव्यात, हे मत झाले. त्याला उत्तर द्यायचे. अनुसूचित जातीच्या माणसाला चारचौघांत अवमानित करण्याच्या हेतूने हिणवणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तेथे तक्रार करायची. आपल्या समाजाला पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी वा तोंडी अनादर करणेही २०१५ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात आले आहे. मत आणि अवमान यांतील ही रेघ आपल्या तरुणांना दाखवता आली पाहिजे, नाहीतर खरा गुन्हा घडतो तेव्हा आपली तक्रारही ‘नेहमीचाच आरडाओरडा’ म्हणून बाजूला सारली जाते.

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, हा प्रसंग आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला होता. भिक्खूंमध्ये त्याची चर्चा झाली. भगवंतांनी त्यांना सांगितले की, निंदा ऐकून संतापू नका; संतापलात तर निंदकाच्या म्हणण्यात खरे किती आणि खोटे किती हे तुम्हालाच कळणार नाही. जे खोटे असेल ते खोटे का, हे उलगडून सांगा. सुप्पियाचे तोंड बंद करा, असे त्यांनी सांगितले नाही.

उलगडून सांगण्यास कागद आणि सवड लागते. खोटी बातमी छापून आली तर प्रथम त्या संपादकाला लेखी कळवावे. तारीख, पान आणि चुकीचे वाक्य स्पष्ट नमूद करावे, पत्राची प्रत जपून ठेवावी. त्याने दाद दिली नाही तर १९७८ च्या कायद्याखालील प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक वा साप्ताहिक असेल तर प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, इतर नियतकालिकांसाठी चार महिन्यांच्या आत. कौन्सिलला दंड करता येत नाही, फार तर ताकीद देता येते किंवा निषेध नोंदवता येतो, म्हणून पुष्कळ जण तिकडे फिरकत नाहीत. पण नोंद राहते. आणि संपादकाने नाकारलेले उत्तर, चांगले लिहिलेले असेल तर, आपल्या पत्रांच्या पानांवर छापता येते. त्यासाठी ते आधी कोणीतरी लिहिलेले असावे लागते.