गाभाऱ्यातला उजेड

देवळाच्या गाभाऱ्यात उजेड किती असावा, हा प्रश्न बांधकामाचा दिसला तरी मुळात उपासनेचा आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या शिवालयांनी अंधाराची बाजू घेतली. सभामंडपातून आत जाताना उजेड सरत जातो आणि पिंडीपाशी समईची ज्योत तेवढी उरते.

सूर्याला आत घेण्याची रीतही इथलीच आहे. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख असून दर्शनी बाजूच्या कमानदार गवाक्षातून उजेड आत शिरतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोलाकार उघडे आहे. गाभारा मात्र अंधारातच आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात मावळतीची किरणे नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस पोचतात, तेव्हा किरणोत्सव होतो. या तिन्हींत गाभाऱ्याचा माथा कुठेच उघडलेला नाही.

तो उघडला मावळातल्या वडेश्वरच्या शिवमंदिराने. वास्तुरचनाकार समीप पाडोरा यांनी पुजारी आणि गावकऱ्यांशी बोलून ते आखले आणि २०१० मध्ये ते श्रमदानातून उभे राहिले. दगड जवळच्याच खाणीतला काळा बेसॉल्ट. मावळच्या डोंगरांत सगळीकडे हाच पत्थर आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. शिखराची ओळखीची रेषा राखली, नक्षी जवळजवळ गाळली. मंडप बांधलाच नाही. कडेच्या दाट झाडीने वेढलेले अंगण हाच मंडप. माथ्यावर धातूच्या चौकटीत काच बसवून त्याच चौकटीत अष्टधातूचा कळस रोवला. दिवसाचा उजेड त्या काचेतून गाभाऱ्यात उतरतो.

हा बदल धाडसाचा आहे. बंद माथ्याखाली देव ऋतू-प्रहरांपासून अलिप्त राहतो. इथे सकाळ, ढग, उतरती उन्हे आत येतात. त्यामुळे गूढता जाते, हा आक्षेप मात्र टिकत नाही. उजेड वरून, अरुंद वाटेने येतो आणि काळा दगड तो शोषून घेतो. सावली शिल्लक राहते. जपानमधल्या इबाराकीच्या चर्चमध्ये (१९८९) तादाओ आंदो यांनी काँक्रीटच्या भिंतीला क्रुसाच्या आकाराची फट ठेवली. तिथे प्रकाशच चिन्ह होतो. वडेश्वरला प्रकाशाला आकार दिलेला नाही, चिन्ह शिवाचेच राहते. शैव भावनेला हे अधिक जवळचे आहे.

दगडी भिंतींची डागडुजी गावाला आपल्या हाताने करता येते. मावळच्या पावसात काचेच्या माथ्याला मात्र नियमित निगा हवी. सांधे गळू न देणे आणि काच स्वच्छ ठेवणे, ही समईत तेल घालण्यासारखीच नित्यसेवा ठरते.