मनोऱ्याचा तळ



कातालोनियातील बार्सिलोना शहरात २४ सप्टेंबरला दयामाता मरियेचा सण असतो. त्या दिवसांत चौकात माणसांचे मनोरे रचतात. आपल्याला गोविंदांचे थर आठवतील, पण इथे हंडी नाही. वर पोहोचलेले मूल फक्त हात उंचावते. मनोरा न कोसळता सुखरूप उतरला तरच पूर्ण मानतात. तळाशी दाटीने उभ्या असलेल्यांचे तर तोंडही दिसत नाही!

मात्र सणाचे मूळ मनोऱ्यात नाही. मूरांच्या कैदेतील ख्रिस्ती लोकांना सोडविण्यासाठी संत पीटर नोलास्को यांनी १२१८ साली याच शहरात दयामातेचा संघ स्थापला. ते खंडणीसाठी दान गोळा करीत. पैसे कमी पडले तर? संघाचे व्रतस्थ चौथे व्रत घेत: कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे. सेमिनरीत स्वातंत्र्यावर आम्ही जाडजूड ग्रंथ वाचले. असा खुलासा त्यांत सापडला नाही.

मत्तयच्या २५व्या अध्यायात प्रभू कैद्यालाही आपला म्हणतो. आपल्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत आजारी असतात, परीक्षार्थी असतात. तुरुंगातल्या मुलासाठी चिठ्ठी द्यायला मात्र आई कचरते. माउली, नाव लिहू नका. नुसते 'एक कैदी' लिहून पेटीत टाका. मी मिस्सात वाचीन.