समुद्र तांबडा कोणी केला?

किनाऱ्यावरील एका मंडळीच्या उपदेशक बंधूंनीं आम्हांस असें विचारिलें आहे कीं, त्यांच्या खाडीच्या तोंडाशीं पाणी तांबूस झालें, रात्रीं लाटा निळ्या प्रकाशानें चमकूं लागल्या व कांहीं मासे मरून कांठास लागले. तर मिसर देशावर आलेल्या पीडेसारखा हा देवाचा कोप समजावा काय? गांवांत कित्येकजण तर कोणाच्या पापामुळें हें झालें त्याचें नांवही सांगूं लागले आहेत. या शेवटल्या गोष्टीमुळेंच आम्हांस उत्तर देण्याची घाई वाटते.

जें दिसलें तें रक्त नव्हे. समुद्राच्या पाण्यांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. ऊन, स्थिर पाणी व भरपूर पोषण मिळालें म्हणजे ते इतके वाढतात कीं, पाण्याचा रंगच पालटतो. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी होत. कांहीं मात्र माशांच्या कल्ल्यांस इजा करितात. कांहीं मेल्यावर कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवितात. आणि कांहींचें विष शिंपल्यांत सांठतें, जें शिजविल्यानेंही जात नाहीं. १९९७ सालीं केरळांतील विळिंजम येथें असले शिंपले खाऊन ७ माणसें दगावलीं. म्हणून पाणी निवळून जाणत्यांनीं निर्वाळा देईपर्यंत तिसऱ्या व कालवें घरांत आणूं नयेत, हें प्रथम मंडळीस सांगावें, उपदेश मागाहून.

आतां पापाविषयीं. निर्गमाच्या सातव्या अध्यायांत नदीचें पाणी पालटण्यापूर्वीं फारोस तसें कळविण्यांत आलें होतें. पीडेचा अर्थ सांगण्यास मोशे पाठविलेला होता. आमच्या खाडीवर असा कोण पाठविला आहे? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं या समजुतीस प्रभूनें थारा दिला नाहीं, हें आमचे वाचक जाणतातच. असा रंग माणसाचा कांहीं एक हात नसतांही समुद्रास अनेकदां येतो.

परंतु माणसाचा हात कधींच नसतो असेंही नाहीं. जपानांत सेतो नांवाचा बेटांनीं वेढलेला आंतरसमुद्र आहे. ओसाका, कोबे व हिरोशिमा हीं शहरें त्याच्याच कांठीं. गिरण्यांचें सांडपाणी, शहरांचा मैला व शेतांतील खत त्यांत उतरत गेलें आणि १९७२ सालीं तेथील हारिमा भागांत तांबड्या पाण्यानें पाळलेले सुमारें १ कोटी ४० लाख मासे मारिले. पुढील वर्षीं सरकारनें कायदा करून कारखान्यांचा मळ निम्म्यावर आणण्यास लाविलें. तरी १९७६ सालीं तांबड्या पाण्याचे २९९ प्रसंग नोंदले गेले. मग ते हळूहळू सुमारें शंभरावर आले.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. ते मासे कोणीं मारिले? ज्यास त्यास आपला वांटा नगण्य वाटत होता, आणि एकेकट्यानें पाहतां तो नगण्यच होता! ज्या अपराधाचे तुकडे लाख घरांत वांटले गेले, त्याचा पश्चात्ताप कोणीं करावा? १९७७ च्या मे महिन्यांत बिवा सरोवराचें पाणी असेंच बिघडलें, तेव्हां कपडे धुण्याच्या भुकटींतील फॉस्फरस हेंही त्याचें एक कारण असल्याचें कळून आलें. त्या कांठच्या गृहिणींनीं दुसऱ्याकडे बोट न दाखवितां आपल्या मोरीकडे पाहिलें, भुकटी सोडली व साधा साबण घेतला. १९७९ सालीं शिगा प्रांतानें तसा नियमच केला. त्या बायांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या, हें आम्ही थोड्या लाजेनेंच लिहितों.

मात्र खत हें स्वतः पाप नव्हे. पुढें सेतोचें पाणी इतकें निवळलें कीं, कित्येक ठिकाणीं पोषणाअभावीं नोरी नांवाचें खाण्याचें शेवाळ फिकें पडूं लागलें. आणि २०२१ सालीं कायदा बदलून कांहीं पोषक द्रव्यें मोजून मापून समुद्रांत सोडण्याची मुभा द्यावी लागली. ज्यास हांकलण्यांत जवळजवळ पन्नास वर्षें घालविलीं, त्यासच पुन्हां बोलाविणें भाग पडलें. शेतकरी वाचकांस यांत नवल वाटूं नये. युरिया किती घालावा हें पीक पाहूनच ठरतें, आणि पावसानें वाहून गेलेला युरिया ओढ्यानें कोठें जातो हें आपण क्वचितच पाहतों.

आमच्या बंधूंच्या गांवांत ज्याचें नांव घेतलें जात आहे, त्याच्या घरीं ते याच आठवड्यांत भेटीस जातील व त्याच्याबरोबर प्रार्थना करितील, अशी आमची विनंति आहे.