पुढे चला, पण कुठे?

२१ जुलै २०२५, सोमवार. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर बोरिवलीला मावशीकडे गेलो. टीव्हीवर सकाळपासून एकच बातमी फिरत होती. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली, त्यांना निर्दोष ठरवलं. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने याच बारा जणांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. काका त्या मंगळवारी चर्चगेटहून निघालेल्या एका गाडीत होते, फर्स्ट क्लासच्या डब्यात. मावशी टीव्हीसमोर बसून मेथी निवडत होती. आणि मी, तिच्या बहिणीचा शिकलासवरलेला मुलगा, तिला म्हणालो, ‘‘मावशी, एकोणीस वर्षं झाली गं. आता मूव्ह ऑन करायला हवं.’’

तिने मान वर न करताच विचारलं, ‘‘म्हणजे नेमकं काय करू?’’

मला सांगता आलं नाही.

शब्द तसा रोजच्या वापरातला. ब्रेकअप झालेल्या मित्राला आपण तो सांगतो, नोकरी गेलेल्याला सांगतो, भावाने जमिनीत फसवलेल्यालाही सांगतो. मराठीत येताना त्याला दोन शेपट्या फुटल्या आहेत. कुणी म्हणतं ‘मूव्ह ऑन कर’, कुणी म्हणतं ‘मूव्ह ऑन हो’. मला हा फरक क्षुल्लक वाटत नाही. ‘करणं’ आपल्या हातात असतं, ‘होणं’ आपोआप घडतं, जसं जखमेवर खपली धरणं. सल्ला देणारा बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतो आणि त्याच्या मनात ‘कर’ असतं.

इंग्रजीत ‘मूव्ह’ या साध्या क्रियापदाला ‘ऑन’ चिकटला की अर्थ बदलतो. ‘मूव्ह’ म्हणजे हलणं. ‘मूव्ह ऑन’ म्हणजे इथे थांबू नका, पुढचं गाठा. इंग्रजी जे काम अशा चिमुकल्या शब्दांकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘सोड’ आणि ‘सोडून दे’, ‘विसर’ आणि ‘विसरून जा’, ‘बोल’ आणि ‘बोलून टाक’ यांत केवढं अंतर आहे! पण गंमत अशी की आपल्या या जोड्यांमध्ये काय सोडायचं, काय विसरायचं ते सांगावं लागतं. ‘सोडून दे’ म्हटलं की समोरचा विचारू शकतो, ‘काय सोडू? माणूस, की राग, की न्यायाची अपेक्षा?’ ‘मूव्ह ऑन’मध्ये हा प्रश्न विचारायला जागाच नाही. म्हणून तर तो शब्द आपल्याला सोयीचा वाटतो. ‘नवऱ्याला विसरून जा’ असं मावशीला म्हणायची माझी जीभ रेटली नसती.

शब्दशः भाषांतर करायचं तर ते आपल्याकडे फार आधीपासून आहे. बेस्टच्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं, तेव्हा कंडक्टर तिकिटाचा चिमटा दांड्यावर आपटत ओरडायचा, ‘‘पुढे चला, पुढे चला, पुढे जागा आहे!’’ ती हाक माणसाला हलवते, पण बसमधून उतरवत नाही. मागच्या स्टॉपवर भिजत उभ्या असलेल्याला आत घेता यावं म्हणून दोन पावलं सरकायचं, एवढंच. आणि कंडक्टर स्वतःही त्याच बसमध्ये असतो, हे विसरू नये.

दुसरं ‘पुढे चला’ हवालदाराचं. अपघातापाशी, मोर्चापाशी, फुटपाथवर पसरलेल्या बोचक्यापाशी. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या १८५२-५३ मधल्या कादंबरीत जो नावाचा रस्ता झाडणारा अनाथ पोरगा आहे. लंडनचा पोलीस त्याला सतत हेच सांगतो. एका प्रकरणाचं नावच ‘मूव्हिंग ऑन’ आहे. पोराचा प्रश्न साधा आहे: जाऊ कुठे? पोलिसाला त्याच्याशी कर्तव्य नाही. पोरगं नजरेआड झालं की त्याचं काम झालं.

मी मावशीला जे म्हणालो ते यांपैकी कुठलं होतं? कंडक्टरचं म्हणावं तर मी तिच्या बसमध्ये नव्हतो.

२००६ च्या त्या संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा रोडपासून भाईंदरपर्यंत, मध्ये जोगेश्वरी, बोरिवली. १८० हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या धावत होत्या, भरलेल्या होत्या, आणि देशभर मुंबईच्या ‘स्पिरिट’चं कौतुक झालं. त्याआधी २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये आणि १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला, तेव्हाही हे कौतुक वाट्याला आलंच होतं. ज्याचा दिवसाचा खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला, त्याने गाडी पकडली यात स्पिरिट किती आणि गरज किती, हे कुणी विचारलं नाही. शहर पुढे गेलं हे खरं. पण ज्यांनी गुन्हेगार शोधायचे, खटला चालवायचा, त्यांनाही या कौतुकाने परस्पर सुटी मिळाली.

मावशीचं म्हणाल तर ती केव्हाच पुढे गेली होती. वर्षभरात ती एका खाजगी ऑफिसात नोकरीला लागली, त्याच पश्चिम रेल्वेने रोज जाऊ लागली, मुलाला इंजिनियर केलं. काकांचे शर्ट तिनेच वाटून टाकले. उलट आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, कितीतरी महिने रात्री एक ताट जास्तीचं मांडायच्या. एके दिवशी मावशीनेच ते ताट उचललं आणि म्हणाली, ‘‘आई, पुरे आता.’’ मग दोघी त्या रात्री जेवल्या नाहीत. तेव्हा ‘पुढे चल’ हे कधीच कुणी कुणाला म्हणू नये, असं मी म्हणणार नाही. पण म्हणणारा त्या रात्री शेजारी उपाशी बसला होता का, हे बघावं लागतं. मी मेथीची भाजी खाऊन ९.४० ची लोकल पकडली.

तिची जागची हलली नव्हती ती एकच गोष्ट: कुणी केलं? हा प्रश्न दुःखाचा नाही, त्याचं खापर तिच्या मनावर फोडण्यात अर्थ नाही. तो सरकारकडे पडून असलेला प्रश्न आहे. रेशनकार्डाचा अर्ज एकोणीस वर्षं अडकला तर आपण अर्जदाराला ‘मूव्ह ऑन’ म्हणत नाही.

तीन दिवसांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायचं नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढ्यापुरती. त्या रात्री मावशीचा फोन आला. मला वाटलं, ती स्थगितीबद्दल बोलेल.

‘‘अरे, तो शब्द तू मला म्हणालास ना. आत एवढी वर्षं काढली त्या माणसांच्या घरच्यांनाही सांगत असतील का रे कुणी?’’

‘‘सांगत असतील,’’ मी म्हणालो.

‘‘मग ते काय म्हणतात?’’