नकळत झालेली चोरी

नकळत घडलं ते पाप नव्हे, असं घरोघरीच्या आज्या सांगतात. आमच्या बँकेत मात्र ते चालत नाही. एकाचे पैसे चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडले, की त्या सद्‌गृहस्थाच्या मनात काय होतं हे लेजर विचारत नाही. एन्ट्री उलटी फिरते.

कोर्टाचंही तसंच. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘माय स्वीट लॉर्ड’ १९७० मध्ये आलं. देवाची आळवणी, मागे हरे कृष्णचा गजर. इंग्लंड-अमेरिकेत पहिला नंबर! पण चाल निघाली १९६३ च्या ‘ही इज सो फाइन’ची, म्हणजे एका पोरावर भाळलेल्या मुलींच्या गाण्याची. खटला झाला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार. १९७६ मध्ये ते म्हणाले, चोरी झाली खरी, पण मुद्दाम नव्हे, सुप्त मनाकडून. म्हणजे मालक झोपलेला आणि गडी शेजारच्या कोठारात!

पुढची गंमत ऐका. हॅरिसनचा जुना मॅनेजर ॲलन क्लाइन. त्याने खटला चालू असतानाच १९७८ मध्ये त्या जुन्या गाण्याचे हक्क ५,८७,००० डॉलरना घेतले. भरपाईचा आकडा तर जवळजवळ १६ लाख! पण १९८१ मध्ये कोर्टाने बजावलं: घातलेस तेवढे व्याजासकट घे, वर नफा म्हणून पैसुद्धा नाही.

मला वाटतं, पैशाची वही वेगळी आणि मनाची वेगळी. दुसऱ्याचं नकळत आलं तरी परत द्यावंच. पण देणाऱ्याला चोर म्हणू नये. हॅरिसनने ज्याचा गजर केला, त्याने लोणी जाणूनबुजून पळवलं, आणि आपण त्याची आरती करतो!