खोलीतला सोबती

सज्जनहो, वारीत राहुटीतला सोबती आपण निवडून घेत नाही. शेजारी कोण घोरतो, कोण काकड्यासाठी मध्यरात्रीच उठून पडशी उपसतो, सारे सोसतो. कारण वाटेच्या टोकाला विठोबा उभा आहे. मग बोर्डिंगच्या खोलीत का जमू नये?

कबनूरचा एक माळकरी मुलगा कोल्हापूरला शिकतो. परवा घरी आला तो तोंड फुगवूनच. खोलीतला सोबती रात्री दोनपर्यंत दिवा जाळतो आणि हा पहाटे चारला हरिपाठ म्हणतो. महिनाभर दोघांचे बोलणे नाही! आजोबा आम्हांला म्हणाले, "बुवा, खोली बदलून मागू का?"

आम्ही त्यांना आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजची आठवण दिली. तिथे १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. नाना जातींची पोरे एका छपराखाली ठेवली, एका पंक्तीस बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. त्या काळी शिवाशिव मोडणे म्हणजे काय, हे जुन्यांना विचारा. आणि आमचे अडले कशावर? दिव्यावर!

मुलाला विचारले, "बाळ, दिव्याचे त्याला कधी सांगितलेस?"

"नाही."

"तुझ्या हरिपाठाने त्याची झोप मोडते का, हे विचारलेस?"

पोर गप्प. हरिपाठ मोठ्याने म्हटला तरच देवाला पोचतो असे थोडेच आहे? आमच्याही गळ्याला ती खोड आहे म्हणा!

संध्याकाळच्या एस.टी.ने तो निघाला, तेव्हा आजीने दोघांपुरत्या भाकऱ्या बांधून दिल्या.